दोन डाव्या बाह्या

"मास्तर, आता हात खाली सोडा."

मास्तरांनी सोडले. डावा सरळ खाली आला. उजवा मात्र कोपरातून मागे वळला, जणू पाठीमागून कुणी हाक मारली होती.

"नवी फॅशन का?" मास्तरांनी विचारले. जन्मभर पोरांच्या चुका काढलेला माणूस. अंगावरची चूक काढायला संकोचला.

शिवणाऱ्या बाईंनी दोन्ही खांदे चाचपले. शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

कारखान्यात बावीस वर्षे त्यांनी फक्त डावी बाहीच शिवली होती. उजवी पलीकडच्या रांगेत, कॉलर वरच्या मजल्यावर. या कापडाला उलट-सुलट नव्हते, त्यामुळे सवयीच्या हातांना अडवायला कुणी नव्हते.

महिन्यापूर्वी नोकरी सोडून त्यांनी बाहेरच्या खोलीत मशीन मांडले, तेव्हा नणंदेने ठरवले की सुपरवायझरशी वाजले असणार. शेजारणीने ठरवले की नवऱ्याचे काही खरे नाही. खरे कारण बाईंनी कुणाला सांगितले नाही. त्यांना एक अख्खा शर्ट शिवायचा होता, आणि त्यात माणूस घालून बघायचा होता.

नवरा आतून डोकावला. "अगं, सोमवारपर्यंत कारखान्यात तुझी खुर्ची रिकामी ठेवलीय त्यांनी. येतेस म्हणून कळवू का?"

"थांबा हो जरा! मास्तर, तासभर बनियनवर बसाल?"

"बसतो. पण दार लोटा. माझे अर्धे विद्यार्थी याच रस्त्याने जातात."

बाईंनी बाही उसवली. नवरा खाली बसून दोरे वेचू लागला. लग्नानंतर त्याने प्रथमच काही वेचले. मशीन सुरू झाले, अडखळले, पुन्हा सुरू झाले. आयुष्यातली पहिली उजवी बाही! बाईंनी दोनदा उसवली, तिसऱ्यांदा टाके बसले.

मास्तरांनी शर्ट चढवला. दोन्ही हात सरळ खाली आले.

"पैकीच्या पैकी," मास्तर म्हणाले आणि निघाले.

बाई दारात उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर कुणी जुना विद्यार्थी भेटला असावा. मास्तरांनी उजवा हात चांगला उंच केला. बाही कुठेच ओढली नाही. मग शर्ट वळणाआड गेला, तरी बाई तिथेच.

"मग सोमवारचं काय?"

"सांगा, खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवा. आणि इकडे या, उभे राहा."

गळ्यातली टेप त्यांनी उलगडली. नवऱ्याने घाईघाईने पोट आत ओढले.

"सोडा ते," बाई म्हणाल्या. "मला अख्खा माणूस मोजायचाय."