मिठाचं बोट

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तुमच्या आजोबांना रेडिओ आठवेल. तो मी नव्हे. मी त्याच्या पोटातला, वाटाण्याएवढा, काळा, तीन पायांचा. काम आम्ही करायचं आणि नाव मिरवायचं त्या डब्याने!

आमचा रेडिओ कोपरीच्या काळुरामबाबांचा. ते आणि त्यांची बायको तुळसा मिठागरात राबत. रेडिओ बांधावर गात असे. "काळुराम, आवाज वाढव रे!" अशी हाक आली की माझा ऊर भरून येई. पुढे मिठागर बंद पडलं, बाबा गेले, घरात टीव्ही आला. आम्ही माळ्यावर गेलो. तिथे धूळ आमची सोबतीण झाली.

यंदा बाबांची नात दर्शना हिने शाळेच्या प्रदर्शनासाठी रेडिओ उघडला आणि सोल्डरिंगच्या तापल्या सळईने डाग वितळवून मला सोडवलं. वाटलं, संपलो. पण तिने मला बॅटरी आणि एका लाल दिव्याशी जोडलं. दोन तारांची टोकं मोकळी ठेवली आणि त्यांवर बोट टेकवलं.

त्या क्षणाचं नवल मला अजून वाटतं. बॅटरीतली कणभर वीज तिच्या बोटातून वाहत माझ्या मधल्या पायाशी आली. तेवढ्या इशाऱ्याने मी मोठ्या विजेची वाट उघडली. दिवा लागला! बोट उचललं, विझला. खटका नाही, कळ नाही. रेडिओत मी दुसऱ्यांचा आवाज वाढवत होतो. आता मला माझे दोन शब्द मिळाले होते: आहे आणि नाही.

दर्शनाचा भाऊ हर्षित याच्या बोटानेही दिवा लागला. मग तुळसाआजीने बोट ठेवलं. काहीच नाही. दुसरं बोट, तिसरं. नाही.

"आजी नेटवर्कच्या बाहेर आहे!" हर्षित हसला.

"गप रे!" दर्शना ओरडली.

आजीने हात मागे घेतला. "राहू दे गो. परवा पेन्शनीला हयातीचा अंगठा दिला, तवा ते मशीन पण नाय बोललं. मशीनच्या लेखी मी मेलेलीच."

मिठाने तिच्या बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या. कातडी जाड, कोरडी. मी वाट पाहत होतो, पण माझ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

आजी उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायला गेली. शेजारी मिठाचं पाणी, त्यात हात बुडवायचा आणि थापायचं. दर्शना मला घेऊन मागोमाग गेली.

"आजी, एकदाच!"

"अगो, हात ओले हायेत!"

"असू दे, छोटीशी बॅटरी आहे."

आजीने ओलं बोट टेकवलं. मित्रांनो, दिवा असा लागला, असा लागला, की मुलांच्या बोटांनीही तसा लागला नव्हता! मिठाच्या पाण्याने विजेला वाट करून दिली होती.

"हाय गो! मी हाय!" आजी ओरडली. तव्यावर भाकरी करपली, तरी तिने बोट उचललं नाही. मग म्हणाली, "उद्या परत अंगठा द्यायला जाऊ. पाण्याचा तांब्या घे बरोबर."

मित्रांनो, जुनी वस्तू मुकी झाली तर फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि कुणा माणसाला यंत्राने "नाही" म्हटलं, तर लगेच मान डोलावू नका. मलाही आधी तेच म्हणावं लागलं होतं. नंतर त्या बोटाने मला खरा शब्द शिकवला: आहे.