अक्कलदाढ नावाचा फोल्डर

कवळीवाल्यांच्या घरी पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी जबडे दिसतात. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे. कुणाला चार दात, कुणाला एकही नाही. नवा माणूस दारातच थबकतो. कवळीवाल्यांना मात्र त्यातला एकूण एक जबडा ओळखीचा. रस्त्यात कुणी हाक मारली तरी हा गृहस्थ आधी समोरच्याच्या दातांकडे बघणार आणि मग कोण आहे ते आठवणार. लग्न ठरायच्या वेळीही त्यांनी आधी दातच बघितले होते, असं त्यांची बायको अजून चारचौघांत सांगते.

कवळी बसवायला आलेल्या माणसाला ते पहिल्यांदा म्हणत, "हसा बघू." दात काय, कुणीही बसवेल, पण माणूस हसतो कसा हे बघितल्याशिवाय कवळी त्याची होत नाही, नुसती तोंडात राहते, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते गिऱ्हाइकांचे हसतानाचे फोटो काढत, जमलं तर व्हिडिओही. आणि त्यांचा दुसरा नियम साच्यांचा. प्रत्येक तोंडाचे साचे दोन करायचे. एक टेबलावरचा, कामाचा. त्याच्यावर मेण चढवा, तो घासा, कापा, हातातून पडून फुटला तरी चालेल. दुसरा फळीवरचा, त्याला बोट लावायचं नाही. टेबलावरच्याचं काहीही होवो, फळीवरचा जागेवर असतो. या नियमावर त्यांनी सगळं आयुष्य निभावलं होतं, आणि याच नियमाने त्या रविवारी दुपारी त्यांना तोंडघशी पाडलं.

झालं असं, की लेकीचा फोन आला, तोही नेहमीच्या वेळेच्या आधी. लेक आधीच लांबच्या शहरात नोकरीला होती. आता तिथून आणखी लांब, इकडे दिवस तर तिकडे रात्र इतक्या लांब, तिने अर्ज केला होता. निवड झाली असेल तर पत्र मेलने येणार होतं आणि ते काही केल्या येत नव्हतं.

"बाबा, तिकडच्या ऑफिसातल्या बाईंचा आत्ता फोन आला होता, तिकडे रात्र आणि सुट्टी असून. मेल पाठवतायत, पण तो परत जातोय. माझी जागा भरलीये म्हणे."

"मग आवर की पसारा."

"माझा पसारा? आपलं तिघांचं क्लाउड एकच आहे, बाबा. त्यात माझं चिमूटभर आहे, आईचं त्याहून कमी. बाकी सगळं तुम्ही खाल्लंय."

"माझे तर नुसते दात आहेत त्यात."

"तेच म्हणतेय. दातांनी खाल्लंय."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. कवळीवाल्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"दुसरा पत्ता दे त्यांना," ते म्हणाले.

"दिला. चालत नाही. अर्जात लिहिलाय त्याच पत्त्यावर पाठवणार, आणि उद्या सकाळपर्यंत माझा होकार गेला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी घेणार. आणखी जागा विकत घेऊ म्हणून मी वर्षभर दातांच्या कण्या करतेय तुमच्यापुढे."

"कपाट भरलं म्हणून कुणी घर बदलतं का?"

"कपाट आवरलंय कधी तुम्ही?" आतून प्रश्न आला.

"हे बघा बाबा," लेक म्हणाली, "मी जरा वेळाने व्हिडिओ कॉल करते. तुमची स्क्रीन मला दिसेल, मग आपण मिळून काढू. तोवर कशालाही हात लावू नका. कशालाही. कळलं?"

"कळलं, कळलं," कवळीवाले म्हणाले, आणि फोन ठेवून थेट कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

आता हात लावू नका म्हटल्यावर लावणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. पण लेकीला स्क्रीन दिसणार म्हणजे सगळंच दिसणार, ही मोठीच पंचाईत होती. क्लाउडवर सगळ्यात जास्त जागा दातांनी व्यापलेलीच नव्हती. सगळ्यात मोठा फोल्डर होता तो 'अक्कलदाढ' नावाचा, आणि त्यात दाढ औषधालासुद्धा नव्हती. त्यात होती लेक. ती घर सोडून गेल्यापासून दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येई, आणि कॉल सुरू झाला की कवळीवाले गुपचूप एक बटण दाबत. सगळं बोलणं रेकॉर्ड होऊन अक्कलदाढीत जाऊन बसे. नाव असं ठेवलं की बायको चुकूनही उघडणार नाही, हा त्यांचा हिशेब. लेकीला कळलं असतं तर तिने जन्मभर चिडवलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती पुढच्या रविवारपासून जपून बोलली असती.

तेव्हा ती बघायच्या आत क्लाउडवरची अक्कलदाढ उपटायची, असं त्यांनी ठरवलं. कॉम्प्युटरवर तीच अक्कलदाढ होतीच की. क्लाउड म्हणजे टेबलावरचा साचा, कॉम्प्युटर म्हणजे फळीवरचा. टेबलावरचा मोडला म्हणून फळीवरच्याला काय होतंय? त्यांनी फोल्डर निवडला आणि निर्धास्तपणे पुसून टाकला.

जागा काही मोकळी झाली नाही. पुसलेलं सगळं कचरापेटीत पडून होतं आणि कचरापेटीही क्लाउडचीच जागा अडवून बसली होती. पेटी रिकामी करू का, असं स्क्रीन विचारत होती. कवळीवाल्यांचं बोट पुढे झालं आणि तिथेच थांबलं. टेबलावरचा साचा फेकण्याआधी फळीवरचा बघून घ्यायचा, ही हाताची जुनी सवय. त्यांनी कॉम्प्युटरवरचा फोल्डर उघडायला घेतला.

अक्कलदाढ नव्हती. इकडे शोधलं, तिकडे शोधलं, चष्मा पुसून पुन्हा शोधलं. फळी रिकामी.

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. वर पुसलेलं खाली कसं गेलं हे त्यांना कळेना, आणि पुन्हा कशाला हात लावायचा धीर होईना. इतक्या रविवारांची लेक एका बोटाने घालवली, या विचाराने त्यांना अक्षरशः रडू यायला लागलं. तेवढ्यात कॉल आला. घाबरलेल्या बोटानेही नेहमीचं बटण दाबलंच.

"हात लावलात ना?" त्यांचा चेहरा बघून लेकीने विचारलं.

"जरासा."

"काय गेलं?"

"एक फोल्डर. वरचा काढला गं, तर खालचाही गेला. साचा मोडला म्हणून दुसरा साचा मोडतो का कधी?"

"बाबा, हे दोन साचे नाहीत. हा आरसा आहे. तुम्ही इथे मिशी काढलीत की आरशातली पण जाते. पेटी रिकामी केलीत?"

"नाही."

"मग काही गेलेलं नाही. दाखवा मला."

कवळीवाल्यांचा जीव भांड्यात पडला, आणि स्क्रीन दाखवायची म्हटल्यावर पुन्हा टांगणीला लागला. पण आता इलाज नव्हता. लेकीने कचरापेटी बघितली.

"अक्कलदाढ? एवढी मोठी? कुणाची, हत्तीची?"

"आहे एका गिऱ्हाइकाची."

"बरं, परत आणा ती. आली? आता त्याची कॉपी करा आणि क्लाउडच्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, कॉम्प्युटरवर वेगळी. ती आरशात दिसत नाही. ती तुमची फळी."

कॉपी व्हायला बराच वेळ लागला. बायको आतून येऊन मागे उभी राहिली.

"झाली? आता त्यातलं काहीही एक उघडून बघा. चाललं, तरच वरचं पुसायचं."

"असेल की नीट. उगाच कशाला?"

"बाबा, उघडा."

"गिऱ्हाइकाचं खाजगी असतं गं."

"अहो, उघडा की," मागून बायको म्हणाली.

कवळीवाल्यांनी डोळे मिटून एकावर बोट दाबलं. स्क्रीनवर लेक आली. केसांना टॉवेल गुंडाळलेली, हातात करपलेलं पातेलं कॅमेऱ्यापुढे धरून पोट धरधरून हसणारी. "बाबा, आईला सांगू नका हं," असं म्हणत होती ती, त्या वेळची.

आत्ताची लेक स्क्रीनजवळ सरकली. मग तिने हळूच विचारलं, "सगळं हेच आहे त्यात?"

"हेच."

"सगळे रविवार?"

"एकदा लाइट गेली होती, तो सोडून."

"का, बाबा?"

कवळीवाल्यांनी टेबलावरचा एक जबडा उचलला, उलटासुलटा केला आणि ठेवला. आठवण येते म्हणून, असं सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी धंद्याची भाषा धरली.

"हे बघ, तुलाही कधी तरी कवळी लागणारच. तेव्हा मी नसेन. जो कोणी बनवेल, त्याला कळायला नको का, तू हसतेस कशी ते?"

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"मी दिवसातून दोनदा दात घासते," शेवटी लेक म्हणाली. "मला लागणार नाही कवळी."

"सगळे असंच म्हणतात."

"पुसा आता वरचं. आणि पेटी रिकामी करा."

या वेळी बोट अडखळलं ते वेगळ्या कारणाने. फळीवरचं शाबूत आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण पेटी रिकामी झाली की मेल येणार आणि मेल आला की लेक जाणार. तिने जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. त्यांनी बटण दाबलं.

लेकीने तिकडच्या बाईंना पत्र पुन्हा पाठवायला सांगितलं. तिघंही बसून राहिली. मग तिच्याकडे टिंग असा आवाज झाला. तिने वाचलं, मान वर केली आणि नुसती हलवली. झाली होती निवड.

"तिकडे रविवार आपल्या रविवारीच असतो ना?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"थोडा पुढेमागे. पण असतो." तिने नाक पुसलं. "बाबा, आत्ताचंही रेकॉर्ड होतंय का?"

"होतंय."

"अवतार आहे हो माझा." तिने केस मागे सारले आणि नीट बसली. "कुठे ठेवणार?"

"फळीवर."

"ठेवा."

"मग हस बघू."

ती रडत रडत हसली. कवळीवाले बघत राहिले, आणि दातांकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही.