मामाने पुरलेले खांब

मामाचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्हा इथल्या मूळ आदिवासींमध्ये एवढ्यात घेत नाहीत. तो आईचा धाकटा भाऊ. वयात आल्यापासून ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. भांडण मुळीच नव्हतं. बहीणभावांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, हाच आमच्यातला मान आणि हीच माया.

आईचे पाय लटपटायला लागले तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. तिच्या वडिलांचे असेच गेले होते, त्यांच्या आईचेही. घराण्यातच आहे हा आजार. ती दुकानाकडे झोकांड्या खात चालली की बाहेरून आलेले गोरे म्हणायचे, "सकाळीच ढोसून आली बघ!" लाजेने तिने बाहेर पडणं सोडलं, आणि आम्ही शहाणे मायेने सगळं तिच्या हातात द्यायला लागलो. चहा हातात, निखाऱ्यावरची भाकर हातात. दवाखान्यातली नर्स माझ्यावर करवादायची, "शेरिल, बसवू नका गं तिला! बसली की पाय गेलेच समज. वाळूत, पाण्यात, कुठेही चालू दे."

चालू दे म्हणे! मी दिवसभर शाळेत कामाला. धरणार कोण?

मामा अंगणाच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसला होता. मला म्हणाला, "आईला विचार, समुद्रापर्यंत जायचंय का."

"हो म्हणावं," आई आतून म्हणाली. "खेकड्यासारखी तिरकी जाईन. पण हसायचं नाही म्हणावं."

मामा हसलाच. त्याचे खांदे हलताना मला दिसले.

मग तो रोज पहाटे, ती उठायच्या आत, खांब पुरू लागला. आमच्या दारापासून सुरूच्या झाडांखालून थेट पाण्यापर्यंत खांब, आणि त्यांना होडीचा जाड दोर. आई तो दोर धरून चालायची, पडायची, शिव्या घालायची, पुन्हा उठायची. गुडघाभर भिजून, ओच्यात शिंपल्या घेऊन परत यायची. नर्स थक्क व्हायची. अशी कितीतरी वर्षं आई चालली.

एका दुपारी मासे मारताना छातीत कळ येऊन मामा गेला. मग रीतीप्रमाणे त्याचं घर, होडी, त्याचा हात लागलेलं सगळं बंद झालं. सगळे नातेवाईक जमून, धूर फिरवून ते मोकळं करायचा विधी होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. पण हा विधी करणारे म्हातारे मर्व्हिन आजोबा स्वतः आले.

"ग्वेंडा, तुझ्या या चालायच्या वाटेला आजच धूर देऊन टाकतो. तुझी गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी?" आई उसळली. "माझ्या भावाचा घाम लागलाय त्या दोराला. सगळ्यांच्या आधी मीच हात लावू? काढा ते खांब."

"आई, अगं विधीपर्यंत टिकणार नाहीत तुझे पाय!" मी ओरडले.

"तू गप्प बस. जन्मभर त्याच्याशी जशी वागले तशीच वागणार."

खांब निघाले. पाऊस लागला, रस्ते बुडाले, पलीकडच्या किनाऱ्यावरचे नातेवाईक अडकले. आई पावसाळाभर खुर्चीत बसून राहिली. मी भांडले, रडले, तिने ऐकलं नाही. मला तिचा संताप यायचा आणि तिचा अभिमानही वाटायचा, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

ऊन पडल्यावर विधी झाला. धूर सगळ्या वाटेवरून फिरला, माझ्या चुलतभावांनी खांब परत पुरले. आम्ही आईला उचलून दोरापाशी उभं केलं. तिचे पाय ओल्या चिंधीसारखे दुमडले. पुन्हा उभं केलं, पुन्हा दुमडले. शेवटी तिनेच खुर्ची मागितली.

तिच्याकडे बघवेना म्हणून मी वळले, आणि माझाच तोल गेला. मी दोर धरला.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पाऊस लागला तेव्हापासून."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्याच पायांचं एवढं चाललं होतं, आई."

ती रडायला लागली. मामा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"शेरिल, मी मेले की हे खांब काढायचे नाहीत. माझा हात लागलेला असू दे, कुणी काहीही म्हणू दे. ऐकलंस? काढायचे नाहीत."