बंद खोल्यांचे नळ

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, चार नंबरच्या खोलीत, तोटीमामांची ताई तीन दिवस तापानं फणफणत होती आणि ताप कशाचा ते डॉक्टरांना कळत नव्हतं. तोटीमामांना कळलं होतं. आज सकाळी नऊ वाजता कळलं.

तोटीमामा तिथले प्लंबर. एकोणीस वर्षांची नोकरी, खिशात कायम एखादी सुटी तोटी, म्हणून हे नाव. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे होते आणि ताई पंधराची. शाळा सोडून तिनं भावाला न्हाऊमाखू घातलं, त्याची दुखणी काढली, त्याच्या वाटची बोलणीही खाल्ली. त्यामुळे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मामांनी वशिला लावून तिला पूर्वेकडची, मोठ्या खिडकीची, नव्यानं रंगवलेली खोली मिळवून दिली. सगळ्या मजल्यावर मिरवत सांगितलं, ‘‘माझी बहीण आहे हो, जरा बघा.’’

आता त्या पूर्वेकडच्या खोल्यांचं ऐका.

रंगकामासाठी त्या सात खोल्या चार महिने बंद होत्या. बंद खोल्यांना या हॉस्पिटलात एक नियम होता आणि तो मामांच्या आधीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी घालून दिलेला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जायचं, प्रत्येक नळ, प्रत्येक शॉवर, गरम नि गार, पाच-पाच मिनिटं सोडायचा. मग दारामागच्या तक्त्यावर बरोबरची खूण करून सही ठोकायची. मिस्त्री म्हणायचे, ‘‘अरे, पाइपात पडून राहिलेलं पाणी गप्प बसत नाही. ते आत काहीबाही पिकवतं. निरोगी माणसाला एक वेळ काही होणार नाही, पण इथं निरोगी माणूस येतोच कशाला?’’ मामांनी सतरा-अठरा वर्षं हा नियम देवपूजेसारखा पाळला.

मग आली पाणी वाचवा मोहीम. मॅनेजरबाईंनी दारातच मोठा बोर्ड लावला. कोणत्या मजल्यानं काल किती लिटर वाचवलं, रोज सकाळी तिथं लिहायचं. चांगलीच गोष्ट होती, त्यात वाईट काय? पाणी कमी होतंच. मामांनी झपाटल्यासारखं काम केलं. गळके फ्लश बदलले, नळांना जाळ्या बसवल्या, एसीतून ठिबकणारं पाणी झाडांना वळवलं. मग बॉयलरकडे वळले. पाणी कडक आलं की माणसं गार मिसळत बसतात आणि तेवढा वेळ नळ धो धो चालू, असं म्हणून त्यांनी बॉयलरचा काटा साठ अंशांवरून पंचेचाळीसवर आणला. बाईंनी शाबासकी दिली. बोर्डावर तिसरा मजला पहिला आला, मामांचा फोटो लागला.

आणि तिथंच माशी शिंकली. पहिल्या नंबरची चटक लागली हो माणसाला! एका मंगळवारी रिकाम्या खोलीत उभं राहून, स्वच्छ पाणी मोरीत जाताना बघून मामांच्या मनात आलं, ही कसली उधळपट्टी? एकीकडे थेंब थेंब वाचवायचा आणि इकडे कुणीही नसताना चौदा नळ वाहवायचे? त्यांनी नळ बंद केला. तक्त्यावर खूण मात्र केली, कारण तक्ता कोरा राहिला तर चार प्रश्न येतात. मग पुढच्या शुक्रवारी केली. मग नुसत्या खुणाच राहिल्या. तब्बल छप्पन्न दिवस.

दहा दिवसांपूर्वी खालचे वॉर्ड तुडुंब भरले. बाईंनी पूर्वेकडच्या खोल्या तडकाफडकी उघडायला सांगितल्या. त्यांनी तक्ता पाहिला, मान डोलावली. मामा म्हणाले, ‘‘आता माणसं राहायला आली, पाणी आपोआप वाहतं होईल.’’ स्वतःलाच म्हणाले खरं तर. ताईनं तिथं रोज शॉवर घेतला, खुर्चीवर बसून, नर्सच्या मदतीनं. अंगावर पाणी पडलं की बरं वाटतं म्हणायची.

तर आज सकाळी नऊ वाजता छातीच्या डॉक्टर ताईला तपासून बाहेर आल्या. तरुण बाई, पण बोलणं तोलूनमापून.

‘‘मामा, न्यूमोनिया आहे. पण नेहमीची औषधं लागू पडत नाहीयेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन नंबरच्या आजोबांनाही कालपासून तसंच. साठलेल्या पाण्यातून एक जंतू येतो, शॉवरच्या तुषारांतून थेट छातीत जातो. त्याला औषध वेगळंच लागतं. माझ्या डोक्यात आधी तेच आलं होतं. पण तुमचा तक्ता पाहिला, एक दिवस चुकलेला नाही. म्हणून ते मी सोडून दिलं.’’

इथंच बोलायचं होतं. एक वाक्य, बस्स. ‘बाई, तक्ता खोटा आहे.’ मामांनी तोंड उघडलंही. मग फोटो आठवला, नोकरी आठवली, ताईच्या घरी काय तोंड दाखवायचं ते आठवलं.

‘‘बरं,’’ ते म्हणाले.

काय म्हणावं या माणसाला! बहीण आत जीव मुठीत धरून पडलेली आणि हा म्हणतो, बरं.

त्यांना वाटलं, आपणच गुपचूप निस्तरू. तळघरात धावले, बॉयलरचा काटा सत्तरवर नेला. वर येऊन दोन रिकाम्या खोल्यांचे नळ सोडले, मग पॅसेजच्या टोकाचं बेसिन. तिथं आधी तांबूस पाणी आलं, त्यात बुळबुळीत काळे तुकडे आले. पाइप आतून खरवडल्यासारखी घाण निघत राहिली. उग्र, कोंदट वास आला. मामा नाकाला रुमाल लावून उकिडवे बसले, पाणी स्वच्छ होण्याची वाट बघत. भरलेल्या पाच खोल्यांत शिरायचं म्हणजे कारण सांगावं लागणार, तेव्हा त्या त्यांनी तशाच ठेवल्या. बारा वाजले. साडेबारा वाजले.

एक वाजता ते ताईकडे गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ निळसर. तिनं डोळे उघडले, पण बघणं ओळखीचं नव्हतं.

‘‘बाळ, आंघोळ झाली का रे?’’ मास्कच्या आतून ती म्हणाली. ‘‘शाळेला उशीर होईल. थांब, मी पाणी काढते.’’

ती उठायला लागली. हाताची सुई ओढली गेली, यंत्र केकाटायला लागलं, नर्स धावली. मामांच्या घशातून हुंदका फुटला तो सगळ्या मजल्यानं ऐकला. ते तसेच धडपडत डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘‘तक्ता खोटा आहे. छप्पन्न दिवस मी पाणी सोडलेलं नाही. ताईला मीच घातलंय त्या खोलीत.’’

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी फोन उचलला, चार नंबर आणि दोन नंबरची औषधं बदलली, तो जंतू शोधायला लघवीची तपासणी सांगितली. मगच विचारलं, ‘‘हे सकाळी का नाही बोललात?’’

मामांनी उलट विचारलं,

‘‘ताई वाचेल?’’

‘‘चार तास गेले, मामा. वाचाव्यात. पण आज रात्रीपर्यंत मी शब्द देत नाही.’’ मग त्या एकदम थबकल्या. ‘‘सकाळपासून काय करत होतात?’’

मामांनी सगळं सांगितलं. बॉयलर, टोकाचं बेसिन, काळे तुकडे. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

‘‘अहो, तुम्ही सगळी लाइन ढवळलीत. कोमट पाण्यात वाढलेले जंतू पाइपांना चिकटून होते, ते सुटे केलेत. पाच नंबरमध्ये शिक्षिकाबाई आहेत, त्यांच्या रक्ताच्या आजाराचं औषध चालू आहे. त्यांच्या अंगात आत्ता साध्या सर्दीशी लढायचीही ताकद नाही. त्यांना सांगा, नळाला हात लावू नका. धावा! मी येतेच मागून.’’

मामा धावले. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरताहेत, तरी धावले. पाच नंबरचं दार अर्धवट उघडं होतं. खोलीत दमट, उबदार हवा होती आणि आरशावर वाफ धरलेली होती. शिक्षिकाबाई कॉटवर बसून टॉवेलनं मान पुसत होत्या. किती दिवसांनी चेहऱ्यावर तजेला आलेला.

‘‘या मामा, या!’’ त्या हसल्या. ‘‘इतके दिवस नुसतं कोमट यायचं, शॉवर घ्यावासा वाटायचा नाही. टॉवेलनं अंग पुसायचे, झालं. आज काय कडक पाणी आलंय! चांगली पंधरा मिनिटं उभी राहिले.’’

‘‘कधी?’’ मामांनी विचारलं.

‘‘हे काय, आत्ताच, एक वाजता. का हो?’’

मामा कॉटजवळच्या स्टुलावर बसले. पॅसेजमध्ये डॉक्टरांची पावलं वाजत होती, त्या पोचतील, त्या सांगतील, असं एक क्षण वाटून गेलं. मग त्यांनी बाईंच्या हातातला ओला टॉवेल काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘हे तुम्हाला मी सकाळी नऊलाच सांगायला हवं होतं.’’