छेद कोणत्या काठावर

प्रभाकरने दोन्ही बाजूंना ‘क्ष − १’ने गुणलं, छेद उडवला आणि ‘क्ष < ५’ असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. केशवराव सरांनी शाबास म्हणताच त्याने पट्टी बांधलेलं डोकं डौलात हलवलं. परवाच्या गोटमारीत, दोन काठांवरची गावं दरवर्षी एकमेकांवर दगड फेकतात त्या खेळात, त्याला जाम नदीच्या पलीकडून आलेला गोटा लागला होता. ती खोक तो बिल्ल्यासारखी मिरवत होता.

फळ्यावर वरती तेच गणित होतं:

(क्ष + ३) / (क्ष − १) > २

गेल्या आठवड्यात प्रमिलाने ते छेद समान करून सोडवलं, तर सर म्हणाले होते, ही पोरगी घरून शाळेत यायला पार दूरच्या तिगावचा फेरा मारते. तासभर बाकावर उभं केलं. सगळ्यांत मोठ्याने हसला तो हाच प्रभाकर. त्या दिवसापासून भाकरी थापतानाही सरांचा चेहरा एक दिवस कसा उतरेल, तेच तिला दिसत होतं.

“सर, क्षच्या जागी उणे एक टाकून पाहा न,” ती उठून म्हणाली. “पाचापेक्षा लहानच आहे तो.”

सरांनी हसत टाकला. वर दोन, खाली उणे दोन. उत्तर उणे एक; आणि ते दोनाहून मोठं असायला हवं होतं. सरांचं हसू थांबलं.

प्रमिला न बोलावताच पुढे गेली. तिने दोन डावीकडे आणला, क्ष − १ हा छेद दोघांखाली मांडला. वर उरलं ५ − क्ष. म्हणजे एक आणि पाच यांच्या मधले आकडेच खरे.

“गुणायच्या आधी छेद कोणत्या काठावर उभा आहे ते पाहा लागते, सर. शून्याच्या पलीकडं असला तर चिन्ह फिरते. न पाहता गोटा मारला तर आपलाच माणूस पडते.”

मागचे बाक खुसखुसले. सरांचे कान लाल झाले. प्रमिलाने ते डोळे भरून पाहिलं.

सरांनी छडी उचलली.

“हात पुढं कर.”

तिने हसतच केला.

“तू नाही. प्रभाकर.”

छडी सपासप वाजली. प्रभाकरने ओठ दाबून धरले. छेद उडवायची ही रीत सरांनीच शिकवली होती, ते त्याने सांगितलं नाही.

“जाय, बस जागेवर,” सर फळा पुसत प्रमिलाला म्हणाले.

तिचा हात तसाच पुढे होता.