अकरा हात उत्तरेला

श्रावणातलं ऊन हे ऊन नसतंच मुळी. ते पिवळंधमक ओलं पातळ असतं, सरीनं धुतलेलं, वाऱ्यानं पिळलेलं, सुरंगबंदरच्या खाडीवर या काठापासून त्या काठापर्यंत वाळत घातलेलं. घडीत झळकतं, घडीत मावळतं. झावळ्या हिरव्या होतात, काळ्या होतात, पुन्हा हिरव्या होतात. आणि जांभळ्या क्षितिजाच्या अंगणात समुद्र, तो श्यामलदेह, सहस्रबाहू, फेनकुंतल समुद्र, नारळाची वाट बघत एका कुशीवर पडून असतो.

उद्या नारळी पौर्णिमा.

पावसाळाभर झापांखाली झाकलेल्या होड्या उघड्या झाल्या होत्या. तांबड्या काठाच्या, मोरपिशी पोटाच्या, ताज्या रंगाच्या वासानं घमघमणाऱ्या. इतक्या देखण्या दिवशी गावानं काय करावं? हसावं, नाचावं, नारळीभात शिजवावा. आणि सुरंगबंदर काय करत होतं? भर दुपारी माउलीच्या देवळात मांडी घालून एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू सोलत बसलं होतं.

त्यांचं नाव पुरुषोत्तम कोचरेकर. गाव त्यांना कप्तान म्हणतं, आणि म्हणताना हसतं.

छत्तीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात साखळ्या ओढल्या, शेतांचे बांध मोजले, भावाभावांच्या भिंती मोजल्या. आणि निवृत्त झाल्यावर, साठाव्या वर्षी, समुद्राच्या प्रेमात पडले. होडी घेतली, तिचं नाव ठेवलं विदुषी. जुन्या चादरींचं शीड शिवलं, गेरूचं ठिगळ, निळं ठिगळ, पोपटी ठिगळ. भर वैशाखात डोक्याला कानटोपी. इंजिनाला ते डिझेलचा खोकला म्हणतात. भरती-ओहोटीचं सगळं श्रेय लोक चंद्राला देतात, सूर्याचा वाटा कुणी सांगतच नाही, म्हणून भर बाजारात सूर्याची बाजू घेऊन भांडतात. एकदा प्रवाहानं त्यांना शेजारच्या गावी नेऊन टाकलं, तर तिथल्या लोकांना तुमचा धक्का वाकडा आहे असं सुनावून ते एस.टी.नं परत आले.

बरं, आहेतच ते विक्षिप्त. आहेतच एककल्ली, तऱ्हेवाईक, फटकळ. कोण नाही म्हणतंय? पण विक्षिप्त माणूस खोटारडा असतो, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

त्यांचा गुन्हा काय, ते ऐका.

सुरंगबंदरच्या खाडीचं तोंड अरुंद आहे. उत्तरेला पाण्याखाली काळा कातळ, दक्षिणेला वाळू, मधे वाट. ती वाट आजानं बापाला दाखवली, बापानं लेकाला: समुद्रावरून येताना माउलीचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा एकटा माड एका रेषेत आले, की आत शिरायचं. होडीवर यंत्र असतं, यंत्रात नकाशा असतो. पण खाडीच्या तोंडाशी आला की तांडेल यंत्राकडे बघत नाही. तो कळसाकडे बघतो, मनात हात जोडतो, आणि सुकाणू धरतो.

आणि गेल्या माघात देऊळ नवं झालं. जुनं कौलारू, बसकं, शेवाळलेलं देऊळ उतरलं. शुभ्र, उत्तुंग, गगनचुंबी देऊळ उभं राहिलं. जुना कळस गाभाऱ्यावर होता; गाभारा जिथल्या तिथं राहिला, पण नवं शिखर चढलं ते उत्तरेकडच्या नव्या सभामंडपावर. त्या शिखरावर कळस लागला तेव्हा गाव रडलं होतं. आनंदानं.

एकटे कप्तान रडले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. कळस सरकलाय. अकरा हात उत्तरेला सरकलाय. धक्क्यावर सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. आणि गावानं काय ऐकलं? गावानं ऐकलं, की हा माणूस देवीच्या कळसाला नावं ठेवतो.

म्हणून ही बैठक. कप्तानांनी देवीची क्षमा मागावी. नाहीतर विदुषीला धक्क्यावर जागा नाही, उद्या नाही, पुढंही नाही. आणि धक्क्याशिवाय एकट्या म्हाताऱ्यानं होडी ठेवायची कुठं? परसात? तुळशीशेजारी?

बोलणी सुरू झाली आणि एकेका तोंडातून एकेक कप्तान बाहेर पडू लागला. कुणी म्हणालं, वादळाची खबर त्यांनी तीन दिवस आधी दिली होती. कुणी म्हणालं, दिली होती खरी, पण न आलेल्या नऊ वादळांचीही दिली होती. एका म्हातारीनं सांगितलं, आपला वाहून गेलेला टोप त्यांनी समुद्रातून आणून दिला. आणि टोपाला कल्हई नाही म्हणून तिलाच ओरडले, हेही तिनं सांगितलं. हसू फुटलं. हसत हसत माणूस लहान होत गेला. विदूषक झाला, वेडा झाला, शेवटी देवद्रोही झाला.

कप्तान पायरीवर उभे होते, कानटोपी हातात. क्षमा मागा म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, “देवी जागच्या जागी आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कळस अकरा हात उत्तरेला आहे. उद्या पौर्णिमा, संध्याकाळी होड्या परततील तेव्हा वर्षातली खोल ओहोटी असेल. कातळ वर येईल, आणि तुम्ही कळस बघत त्याच्यावर जाल.”

“खुळो म्हातारो,” मागून कुणीतरी म्हणालं.

खांबाला टेकून दुर्वा कुबल बसली होती. दहावीतली, दोन वेण्यांची, काळ्याभोर डोळ्यांची दुर्वा. कप्तानांवर तिचा काही विशेष लोभ नव्हता. तिनं वहीत काढलेल्या किनाऱ्याला त्यांनी कंगव्याचे दात म्हटलं होतं आणि ते तिला फार लागलं होतं. पण आत्ता तिच्या छातीत काहीतरी चढत होतं, भरतीसारखं, गढूळ, ऊनऊन, आणि ते लोभाचं नव्हतं. ते रागाचं होतं.

कारण तिच्या बोटांना एक गोष्ट माहीत होती.

मागच्याच आठवड्यात तिनं बापासोबत होडी रंगवली होती. होडीच्या तळाला, डाव्या अंगाला, हातभर लांब खरवड. लाकूड फाटलेलं, जखम वाळलेली. तिनं विचारलं, तर तिचा बाप जयवंत तांडेल म्हणाला, वाळूत घासली, लांबीचा लगदा भर आणि वर रंग मार. आणि आईला सांगू नको. तिनं खरवड बुजवली. वर मोरपिशी रंग दिला. मग सहज शेजारच्या होडीखाली वाकून बघितलं, तर तिथंही डाव्याच अंगाला ओली लांबी. तिच्या पलीकडच्या होडीलाही.

तांडेलाची होडी कधी तळाशी टेकत नाही. टेकलीच, तर तो कुणाला सांगत नाही. आजाचं नाव जातं, बापाचं नाव जातं, पोरं धक्क्यावर चिडवतात. सगळ्या होड्या टेकल्या होत्या, आणि प्रत्येक तांडेल आपली एकटीच टेकली असं समजून गप्प होता.

गावाचे मानकरी दाजी मेथर उठले. तीन वर्षं चप्पल न घालता ह्या देवळासाठी झिजलेला माणूस; त्यांच्या रागाच्या तळाशी दुखावलेली भक्ती होती, हे खोटं नव्हे. त्यांनी नारळ उचलला आणि आपल्या घंटेसारख्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवी माउली! ह्या कोचरेकरान तुझ्या कळसाक नावां ठेवली. जो काय बोललो ता खोटा बोललो. तेका बुद्धी दी, आणि तेची होडी धक्क्यावरसून दूर कर गे माये!”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं.

आणि दुर्वानं बघितलं. तिच्या बापाचे ओठ हलले होते.

ते ओठ, ज्यांनी तिला खरं बोलायला शिकवलं. ते ओठ, देवीसमोर, गाऱ्हाण्यात! गाऱ्हाण्यात खोटं बोललं तर जीभ झडते म्हणतात. आणि इथं साऱ्या तांडेलांच्या जिभा कशा सुखरूप, कशा गुळगुळीत!

ती उठली. आणि बापाकडे बघून बोलली.

“बाबा, तुमी व्हय म्हटलात?”

“चेडवा, गप बस,” बायकांतून कुणीतरी तिचा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

“आपली होडी टेकली, बाबा. डाव्या अंगाक. लांबी मी भरलंय. दुसऱ्याचीय बघलंय. सगळ्यांचा तळ डाव्याच अंगाक फाटलो हा. मगे खोटा कोण बोलता? ते, की तुमी?”

समईची वात चुरचुरली. जयवंत तांडेलाची मान खाली गेली. वादळात न वाकलेली, इंजिन बंद पडलं तेव्हा न वाकलेली ती ताठ, तांबूस, मिठानं भाजलेली मान. उद्यासाठी आणलेला हातातला नारळ त्यानं हळूच जमिनीवर ठेवला, आणि दाजींकडे नाही, लेकीकडेही नाही, गाभाऱ्याकडे बघत तो म्हणाला,

“टेकली. दोनदा टेकली. माये, खोटा बोललंय.”

मग कोपऱ्यातून दुसरा आवाज आला, चोरट्यासारखा. “माझी तीनदा. बायलेकय सांगूक नाय.” मग तिसरा. मग चौथा. एकेक आवाज असा उठत गेला, जसं बुडालेलं काहीतरी पाण्यावर येतं. दाजी मेथर खांबाचा आधार घेऊन उभे. त्यांचा चेहरा पांढरा, देवळाइतका पांढरा.

“म्हणजे मी देवीम्होरे…” ते म्हणाले. मग कप्तानांकडे वळून त्यांनी विचारलं, “दाखवशात?”

कप्तानांनी कानटोपी चढवली.  गाऱ्हाण्यात वेळ घालवलात, ओहोटी थांबत नसते, असं फटकारलं.

ऊन कलताना विदुषी खाडीच्या तोंडाशी गेली. तिच्यात कप्तान, जयवंत, दुर्वा आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, दाजी. तोंडाबाहेर जाऊन कप्तानांनी होडी वळवली आणि शीड उतरवलं. वल्ही जयवंतानं धरली. डोंगरावरचा माड आणि शुभ्र कळस एका रेषेत आणून तो त्या रेषेवरून आत येऊ लागला, सावकाश, अगदी सावकाश, जसा उद्या येणार होता. मागं आकाश केशरी, मग लाल, मग विझत्या निखाऱ्याच्या रंगाचं. दाजींच्या हातात पाण्याची खोली मोजायची, शिसं बांधलेली दोरी; एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. दोरी कशी सोडायची, ते कप्तानांनी त्यांना दोनदा ओरडून सांगितलं आणि दाजींनी ते दोनदा ऐकून घेतलं.

काठावर सारं गाव उभं. वारा पडलेला. पाण्यावरून दाजींचा आवाज आला, भव्य नाही, घुमणारा नाही, म्हातारा आणि खरा.

तीन वाव.

अडीच वाव.

दोन.

वल्हं पाण्यात थांबलं, विदुषी आपसूक पुढं सरकत राहिली. कळसावर शेवटचं ऊन होतं.

एक वाव.

अर्धा.

आणि दोरी दाजींच्या हातात सैल पडली; खाली कातळ होता.