तीन टोले

सृष्टीने बूट काढून पायरीपाशी ठेवले, उडी मारून दोर पकडला आणि तीनदा खेचला. चर्चच्या दगडी मनोऱ्यातली घंटा अशी दणाणली की आवारातल्या चिंचेवरचे सगळे पोपट उडाले.

मुलांच्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या नूरबानोबाई धावत पुढे आल्या.

"अगं, हे काय केलंस?"

"आपण आलोय असं देवाला सांगितलं, बाई. देवळात शिरताना वाजवतातच ना?"

बाईंनी आधी तिच्या हातातून दोर सोडवला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर वसंतात त्या सातपूरच्या कामगार वस्तीतली मुलं निफाडकडच्या या खेड्यात आणत. सकाळी गुलाबाच्या बागा, दुपारी हे दीडशे वर्षांचं चर्च आणि मुक्काम त्याच्याच आवारात, तंबूत. चर्चची देखभाल करणाऱ्या लताबाईंची एकच अट असे : गावाला त्रास नको.

त्या लताबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

"बाई, तीन टोले म्हंजी गावात मयत! आता सारा गाव येतो बघा."

गाव आलाच. द्राक्षबागेतली माणसं हातातल्या कात्र्यांसकट आली. एकाने येता येता गुलाबाच्या फांद्या छाटून आणल्या. कोण गेलं, हे कुणीच विचारलं नाही. दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले सहादूतात्या सोडले तर गावात जाण्यासारखं दुसरं होतं कोण? डॉक्टर म्हणत, पायांना काही झालेलं नाही, चालवा त्यांना. तात्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

"लय भला मानूस," एक शेतकरी टोपी काढत म्हणाला. "माझा बांध हातभर कोरला, पर मनाचा साफ."

किशोर नावाच्या उत्साही तरुणाने तर फोनवर शवपेटीचं मापही सांगून टाकलं. एवढ्यात तात्यांची सून चांगुणा बागेतून धावत आली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडू लागली.

"तंबू आवरा, बाई," लताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "अन् पुढल्या वर्षी येऊ नका."

बाईंनी सृष्टीचा हात धरला आणि त्या पायरीवर चढल्या.

"ऐका जरा. कुणीही गेलेलं नाही. घंटा मुलांनी वाजवली. आधी समजावून सांगायला हवं होतं, ते माझं राहिलं. चूक माझी आहे."

कुणी काही बोलायच्या आत फाटकाशी काठी वाजली. बंडी, मफलर आणि उलटसुलट चपला अशा थाटात सहादूतात्या धापा टाकत उभे होते.

"कोन गेलं रं?"

किशोर फोन घेऊन चिंचेमागे गेला.

"आरं, बोला की! खांद्याला मानूस कमी पडाया नको म्हून आलो. मयताला जायाचं नाय म्हंजी काय?"

लताबाईंनी खरं काय ते सांगितलं, कोण काय बोललं तेही. तात्यांनी गुलाबांकडे पाहिलं, सुनेच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मग ते टोपीवाल्याकडे वळले.

"बांध तूच कोरला हुतास," म्हणाले, आणि आले तसे चालत घरी गेले.

ऊन उतरलं तशी मुलं मुकाट्याने तंबू सोडू लागली. एकेक खुंटी मोजून घ्यायला लताबाई स्वतः उभ्या होत्या. चांगुणा द्राक्षांची पाटी घेऊन आली आणि अर्धवट घडी केलेल्या तंबूवर ती ठेवून घुटमळत राहिली.

"तात्या बरे आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"घरी गेले ते पुन्हा खाटंवर. भिंतीकडं तोंड." तिने घंटेच्या दोराकडे पाहिलं, मग सृष्टीकडे. "बाई, ही पोरगी सकाळी किती वाजता उठती?"

लताबाईंनी दोघींकडे पाठ फिरवली आणि हातातली खुंटी पुन्हा जमिनीत ठोकायला घेतली.